केबिन पाडायच्या आधी कामाचे नियम ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातली हिशेब, ऑडिट आणि करसल्ल्याची जुनी फर्म. रामदासपेठेतल्या फ्लॅटमध्ये वाढत वाढत आता तिथे पाय ठेवायला जागा उरलेली नाही, म्हणून वर्धा रोडवर नवी जागा घेतली आहे. कार्पेट एरिया २,८०० चौरस फूट, पश्चिमेला रस्ता आणि त्या बाजूला वरपासून खालपर्यंत काच. माणसं ४५: आर्टिकल्स (सीए होण्यासाठी फर्ममध्ये काम शिकणारी मुलं) धरून २० जण हिशेब-ऑडिटचे, ८ करविभागाचे, १२ सॉफ्टवेअरवाले आणि ५ ऑफिस सांभाळणारे. मालकांचा मुलगा बंगळुरूहून परत आलाय. त्याचं म्हणणं, केबिन सगळ्या काढा, ठरलेल्या जागा काढा, जो येईल त्याने मिळेल तिथे बसावं. आठवड्यातले तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घर. जुने अकाउंटंट म्हणतात, आमचं टेबल आमचंच राहिलं पाहिजे. आणि मालक विचारतात, दोघांपैकी कोणाचं ऐकू?

मी वीसेक वर्षं नागपूर, अमरावती, चंद्रपूरकडच्या ऑफिसांची आतली मांडणी करतोय. माझं उत्तर असं की फर्निचरचा निर्णय तूर्त बाजूला ठेवा. कोण कोणत्या दिवशी येणार, कोणाला दार लावून बोलावं लागतं आणि कोण कोणाजवळ बसून शिकतं, ही तीन उत्तरं कागदावर आली की नकाशा जवळपास आपोआप निघतो. ती आली नाहीत, तर केबिन ठेवलीत काय आणि पाडलीत काय, सहा महिन्यांत लोक आपापली जुनी पद्धत नव्या टेबलांवर मांडून मोकळे होतील.

खुर्च्या किती लागतील, इथून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. मुलाचा हिशेब सरळ आहे: ४५ माणसं, पाचपैकी तीन दिवस, म्हणजे २७ खुर्च्या. कागदावर बरोबर आहे, पण ही सरासरी आहे आणि ऑफिस सरासरीवर चालत नाही. लोकांना मोकळीक दिली की बहुतेक जण मंगळवार-बुधवार निवडतात, कारण सोमवारी गावाहून परत यायचं असतं आणि शुक्रवारी गावाला निघायचं असतं. तुमच्याकडे तर वर जीएसटीचं कॅलेंडर आहे. ११ तारखेला विक्रीचं विवरणपत्र जीएसटीआर-१, २० तारखेला महिन्याच्या कराचं विवरणपत्र ३बी, ७ तारखेला टीडीएसचा, म्हणजे आधीच कापून घेतलेल्या कराचा भरणा. त्या तारखांच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत अर्ध्या व्यापाऱ्यांची बिलं अजून यायचीच असतात आणि सगळे जण एकाच वेळी ऑफिसात असतात. २७ खुर्च्यांवर तुम्ही १९ तारखेची संध्याकाळ काढू शकणार नाही.

मी असं मोजतो. सगळ्यात गर्दीच्या दिवशी ४५ पैकी पाच-सहा जण क्लायंटकडे ऑडिटला, दोन-तीन रजेवर. उरले ३६ ते ३८. तेव्हा ३६ पक्क्या कामाच्या जागा करा. एका जागेला टेबल, खुर्ची आणि मधल्या वाटेचा वाटा धरून साधारण ४० चौरस फूट, म्हणजे सुमारे १,४५० चौरस फूट इथे गेले. उरलेल्या १,३५० मध्ये बैठकीच्या खोल्या, पँट्री, स्वच्छतागृहं, रेकॉर्ड आणि सर्व्हर बसवायचं. ज्या दिवशी ३६ च्या वर माणसं येतील, त्या दिवशी पँट्रीचं लांब टेबल आणि मोठी बैठकीची खोली कामी येईल, म्हणून त्या दोन्ही ठिकाणी प्लग आणि नेटवर्कचे पॉइंट आत्ताच काढून ठेवा. भिंत रंगवून झाल्यावर पॉइंट काढायला सांगितलं की खर्चही दुप्पट आणि मन:स्तापही.

जागा ठरलेल्या असाव्यात की नसाव्यात, याला सगळ्यांसाठी एकच उत्तर शोधू नका. हिशेब-ऑडिटवाले रोज येतात, त्यांच्याकडे फायली असतात, त्यांची जागा त्यांचीच राहू द्या. सॉफ्टवेअरचे १२ जण लॅपटॉप घेऊन फिरतात, त्यांना ८ जागा आणि एक चांगला मोठा फळा पुरे. आर्टिकल्सबाबत मात्र मी अगदी आग्रही आहे. त्यांना सिनिअरच्या हाकेच्या अंतरावर बसवा. करविभागातले सर फोनवर एखाद्या व्यापाऱ्याला नोटिशीचं उत्तर समजावून सांगतात, ते शेजारी बसलेल्या मुलाच्या कानावर पडतं, आणि अशा कानावर पडलेल्यातूनच तो आर्टिकलशिपच्या काळात तयार होतो. अमेरिकेत एमआयटीतल्या थॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकात अभियंत्यांचा अभ्यास करून दाखवलं होतं की दोन माणसांच्या टेबलांमधलं अंतर वाढलं की त्यांच्यातलं कामाचं बोलणं झपाट्याने कमी होतं, आणि पन्नासेक मीटरच्या पुढे ते जवळजवळ थांबतंच. तुमची जागा एवढी मोठी नाही, पण मध्ये एक भिंत आणि एक बंद दार आलं तरी परिणाम तोच होतो.

आता केबिन. मोकळ्या ऑफिसची कल्पना वाईट नव्हती, आणि तिचा जन्मही पैसे वाचवण्यासाठी झालेला नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत श्नेले बंधूंनी साहेबांच्या खोल्यांची रांग मोडून, काम ज्या दिशेने वाहतं त्या दिशेने टेबलं मांडायला सुरुवात केली. १९६० च्या दशकात अमेरिकेत हर्मन मिलर कंपनीसाठी रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी हलवता येणारं, माणसाला हालचालीची मुभा देणारं फर्निचर केलं. १९६८ मध्ये त्याची सुटसुटीत आवृत्ती आली आणि कंपन्यांनी तीच दाटीवाटीने लावून क्युबिकल, म्हणजे पार्टिशनचे छोटे कप्पे, तयार केले. स्वतः प्रॉप्स्ट यांना ते अजिबात रुचलं नव्हतं. म्हणजे दरवेळी कल्पना निघाली माणसाला मोकळं करण्यासाठी, आणि ती वापरली गेली कमी जागेत जास्त माणसं बसवण्यासाठी. आपल्याकडे तर ती तयार चित्रांतून आली. मालक फोनवर फोटो दाखवतात आणि म्हणतात, अस्सं पाहिजे. फोटोत आवाज ऐकू येत नाही आणि ऊनही लागत नाही.

हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन मोठ्या कंपन्यांची मुख्यालयं केबिन-पार्टिशनमधून पूर्ण मोकळ्या मांडणीत गेली, तेव्हा त्यांनी कर्मचाऱ्यांच्या अंगावर सेन्सर लावून आधीचं आणि नंतरचं बोलणं मोजलं. समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी कमी झालं आणि ई-मेल-चॅट वाढलं. मला त्यात नवल वाटत नाही. सगळे बघताहेत, ऐकताहेत म्हटल्यावर माणूस कानात हेडफोन घालून मान खाली घालतो. ज्याला काही विचारायचं आहे तो चार फुटांवरच्या सहकाऱ्याला मेसेज टाकतो. तेव्हा ‘भिंती काढल्या की संवाद वाढेल’ या भरवशावर तुमच्या मुलाने राहू नये.

तुमच्या धंद्यात तर आणखी एक गोष्ट आहे. तुमच्याकडे लोकांचे पॅन, बँकेची स्टेटमेंट, भागीदारांमधले वाद, वाटणीचे कागद असतात. इतवारी बाजारातला कापडवाला फोन न करता सरळ येतो, त्याला चहा लागतो आणि त्याला हळू आवाजात बोलायचं असतं. त्याच्या पिढ्यानपिढ्यांच्या पेढीवर गादी-तक्क्याची बैठक असते, तिथे सगळे एकत्र बसतात. तरी महत्त्वाचं बोलणं आतल्या खोलीत होतं, हे विसरू नका. त्याला मोकळ्या हॉलमध्ये रंगीत पफवर बसवलंत, तर तो तुमच्याकडे निम्मंच सांगेल.

म्हणून केबिन माणसाच्या नावाने करू नका, कामाच्या नावाने करा. तुमच्या २,८०० फुटांत मी चार बंद खोल्या देईन: दहा जणांची एक, चार जणांच्या दोन आणि एकट्याने फोनवर बोलायला एक छोटी. चार जणांच्या दोनपैकी एकीत तुम्ही बसा. मात्र तुम्ही हायकोर्टात किंवा बाहेरगावी असलात की ती खोली बाकीच्यांना वापरता आली पाहिजे. त्यासाठी टेबलावर तुमचे खासगी कागद नकोत, लॉकरचं कपाट भिंतीत हवं आणि खुर्ची बाकीच्यांसारखीच हवी. आपल्याकडे साहेबांच्या खुर्चीची पाठ उंच असते, सरकारी कचेरीत तर तिच्यावर टॉवेलही असतो, आणि त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसायला धजत नाही. खुर्ची सारखी केलीत की खोली आपोआप वापरात येते. तुमच्या जुन्या अकाउंटंट मंडळींना जे हवंय ते केबिन नसावं, असा माझा अंदाज आहे. इतकी वर्षं दिल्यावर आपल्याला कोणी खाजगीत ऐकून घेईल, आपल्या फायलींना कोणी हात लावणार नाही, एवढी खात्री त्यांना हवी असावी. त्यांना भिंतीकडे पाठ असलेली कोपऱ्यातली जागा आणि कुलपाचं कपाट द्या, आणि ते देताना समोर बसून बोला. नकाशा आधी छापून मग दाखवला, तर तो त्यांना हुकूम वाटेल.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण नागपूरच्या ऑफिसांत मला सगळ्यात जास्त वाया गेलेला पैसा इथे दिसतो. बारा मिलिमीटरच्या टफन ग्लासची देखणी केबिन बांधतात, जिप्समचं पार्टिशन करतात, आणि ते पार्टिशन फॉल्स सीलिंगला टेकून थांबतं. सीलिंगच्या वर दोन फूट पोकळी असते आणि ती अख्ख्या मजल्यावर सलग असते. आत कोणाच्या पगारवाढीचं बोलणं चाललं, की ते सीलिंगच्या टाइल्समधून वर जातं आणि शेजारच्या खोलीत खाली उतरतं. ऑफिसात कोणाला किती वाढ मिळाली हे मग दुपारच्या डब्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. हे टाळायचं असेल, तर ज्या खोल्यांत गोपनीय बोलणं होणार त्यांची पार्टिशनं स्लॅबपर्यंत न्या, दोन्ही बाजूंना जिप्सम बोर्ड आणि मध्ये रॉकवूल (आवाज शोषणारी खनिज लोकर) भरा, एसीचा पाइप आणि केबल जिथून जातात ती भोकं बुजवा, दाराला खालून रबरी पट्टी लावा. काचेचं दार हवंच असेल तर चौकटीचं घ्या. नुसत्या काचेच्या दाराला चारही बाजूंनी फट असते आणि आवाजाला फट पुरते.

हॉलमध्ये विट्रिफाइड टाइल्स, काच आणि सपाट छत असं तिन्ही कडक आलं की प्रत्येक फोन सगळ्यांचा होतो. रिकाम्या हॉलमध्ये उभं राहून एकदा टाळी वाजवा. टाळी घुमली तर समजा, माणसं भरल्यावर कल्लोळ होणार. छताला मिनरल फायबरच्या टाइल्स, एखाद्या लांब भिंतीला फेल्ट किंवा कापडाचं पॅनेल आणि बसायच्या भागात कार्पेट टाइल एवढ्याने बराच फरक पडतो. धूळ हा आपल्याकडचा प्रश्न आहे हे मान्य. म्हणून कार्पेट तुकड्यांत घ्या, खराब झालेला तुकडा उचलून धुता येतो. फोनची छोटी खोली करताना तिला स्वतंत्र एक्झॉस्ट पंखा नक्की द्या. तो नसेल तर एप्रिलमध्ये तिथे कोणी पाच मिनिटंसुद्धा बसत नाही आणि मग तिथे स्टेशनरीची खोकी येतात.

आता ती पश्चिमेची काच. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो हे सांगायला नको. पण सूर्य कुठून येतो हे नीट समजून घ्या. नागपूर साधारण २१ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्या वेळी दक्षिणेच्या खिडकीचा त्रास फारसा नसतो, छोटा छज्जाही पुरतो. त्रास होतो तो दुपारी तीननंतर. सूर्य पश्चिमेला उतरतो, किरण तिरपे होतात आणि छज्ज्याच्या खालून सरळ टेबलापर्यंत आत येतात. तिथे आडवा छज्जा कितीही मोठा केला तरी उपयोग नाही. तिथे काचेच्या बाहेर उभ्या फळ्या किंवा बाहेरून सोडलेले चिक (बांबूच्या काड्यांचे पडदे) हवेत. आतल्या बाजूचे ब्लाइंड्स डोळ्यांवरची तिरीप थांबवतात, पण तोवर ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं आणि ती उष्णता आतच राहते. सिव्हिल लाइन्समधले इंग्रजी अमदानीतले बंगले बघा: खोल व्हरांडे, उंच छत, आणि उन्हाळ्यात दारांना वाळ्याच्या ताट्या. ऊन भिंतीपर्यंत पोहोचूच द्यायचं नाही, हे तेव्हाच्या माणसांना कळलं होतं.

तुमची इमारत भाड्याची किंवा सोसायटीची असेल, तर बाहेरून काही लावायला परवानगी मिळणार नाही असं गृहीत धरा. मग उपाय नकाशात शोधा. पश्चिमेच्या काचेला लागून माणसं बसवू नका. तिथे ये-जा करायची वाट, रेकॉर्डची कपाटं, झेरॉक्स-प्रिंटर आणि पँट्री असा पाच-सहा फुटांचा पट्टा काढा. माणसं उत्तर आणि पूर्वेकडे घ्या. तुमचा मुलगा म्हणेल, रस्त्याचा सगळा देखावा प्रिंटरला दिला. देऊ द्या. चार वाजता पाठीवर ऊन घेऊन ३बी भरणाऱ्या मुलीला देखावा नको असतो. पँट्री तिथे असली की देखावा चहाच्या वेळी सगळ्यांना मिळतो. स्क्रीन खिडकीला काटकोनात ठेवा, समोर किंवा पाठीमागे खिडकी नको. टेबलावरचा उजेड ३०० ते ५०० लक्स पुरे. आपल्याकडे हौसेने त्याच्या दुप्पट लावतात आणि मग डोकेदुखीसाठी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातात.

एसीबद्दल. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून परत फिरवतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही. ३६ माणसं बंद हॉलमध्ये बसली की दुपारी तीनला जी पेंग येते, तिचा दोष फक्त जेवणाचा नसतो. कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र बाजारात मिळतं, ते एक आठवडा हॉलमध्ये ठेवून बघा. आकडा तासन्‌तास १,००० पीपीएमच्या बराच वर राहत असेल तर ताज्या हवेची सोय करा. चांगला मार्ग म्हणजे आतली जाणारी हवा आणि बाहेरची येणारी हवा यांच्यात उष्णतेची देवाणघेवाण करणारं व्हेंटिलेटर युनिट, म्हणजे मेमधली लू सरळ आत येत नाही. तेवढं बजेट नसेल तर सकाळी ऑफिस उघडल्यावर अर्धा तास सगळ्या खिडक्या उघडून एक्झॉस्ट चालू ठेवायचा, आणि हे काम कोणाचं ते नेमून द्यायचं. एसी २६ वर आणि छताला पंखे, ही जोडी मला २२ वरच्या एसीपेक्षा नेहमीच बरी वाटते. २२ वर एक जण घाम पुसत असतो आणि एसीखालची मॅडम शाल पांघरून बसलेली असते. कुलर मात्र ऑफिसात नको. मेच्या कोरड्या हवेत तो छान चालतो, पण जुलैत हवा दमट झाली की त्याचा काही उपयोग राहत नाही, आणि कागदही ओले होतात.

ऑफिसची संस्कृती बदलली की नाही हे मी रिसेप्शनवर बघत नाही, मी दोन जागा बघतो. पहिली, बायकांचं स्वच्छतागृह. जुन्या कॉम्प्लेक्समध्ये ते जिन्याच्या लँडिंगवर, तीन ऑफिसांत मिळून एक, आणि त्याची किल्ली रिसेप्शनच्या खिळ्याला अशी सोय असायची. तरुण मुलगी दिवसभर पाणीच पीत नाही, कारण ती किल्ली सगळ्यांसमोर मागायची असते. नव्या जागेत ते ऑफिसच्या आत हवं, दार हॉलमध्ये थेट उघडायला नको, आत झाकणाची कचरापेटी, हुक आणि आरसा हवा. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असली की २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती लागते. ती तुमच्याकडे असेलच. पण तिला भेटायची खोली काचेची असेल तर तक्रार करायला कोण जाईल? चारपैकी एक खोली अपारदर्शक ठेवायचं हेही एक कारण. तुम्ही ४५ वर आहात. ५० झालात की पाळणाघराची सोय कायद्यानेच लागू होते, तेव्हा जवळपासच्या एखाद्या पाळणाघराशी आत्ताच बोलून ठेवा.

दुसरी जागा म्हणजे मावशी किंवा काका कुठे बसतात ती. चहा करणाऱ्या, फायली नेणाऱ्या, फरशी पुसणाऱ्या माणसाला नव्या चकचकीत नकाशात जागाच नसते. दिवसभर ती पँट्रीच्या दारात स्टुलावर असते, तिची पिशवी सिंकखाली असते आणि डबा ती उभ्याने खाते. मी प्रत्येक नकाशात त्यांच्यासाठी पाठ टेकता येईल अशी खुर्ची, एक लॉकर आणि इतरांच्याच टेबलावर जेवायची मुभा लिहून घेतो. यावर एकदा एका मालकांशी बराच वाद झाला, पण मी ते काढलं नाही आणि यापुढेही काढणार नाही. समानतेच्या नावाखाली केबिन पाडायच्या आणि मावशीला स्टुलावर ठेवायचं, हे मला पटत नाही.

येण्या-जाण्याचं पण नकाशात यायला हवं. तुमचे बहुतेक लोक दुचाकीवर येणार. उन्हाळ्यात डोक्याला-तोंडाला बांधलेला स्टोल, हातमोजे, हेल्मेट, पावसाळ्यात रेनकोट. हे सगळं टेबलावर, खुर्चीच्या पाठीवर, पायाशी पडतं. दाराजवळच हेल्मेट मावेल एवढ्या खणांचे लॉकर आणि ओले रेनकोट अडकवायला, खाली पाणी निथळेल अशी पट्टी करा. सॉफ्टवेअरवाल्यांच्या जागा ठरलेल्या नसणार, त्यांना तर लॉकरशिवाय ते जमणारच नाही. मेट्रोची ऑरेंज लाइन वर्धा रोडवरूनच खापरीपर्यंत जाते आणि सीताबर्डीला ॲक्वा लाइन मिळते, म्हणजे हिंगणा रोडकडून किंवा प्रजापतीनगरकडून येणाऱ्यालाही एकदाच गाडी बदलावी लागते. स्टेशनपासून ऑफिसपर्यंतची वाट मेमध्ये दुपारी आणि पावसाळ्यात रात्री चालून बघा, दिवे आहेत का ते बघा. १९ तारखेला रात्री उशिरापर्यंत थांबणाऱ्या मुलींना घरी कोण सोडणार, हे नियमावलीत लिहा. त्या दिवशी कोणाच्या तरी भलेपणावर सोडू नका.

पँट्रीला मी बैठकीच्या मोठ्या खोलीपेक्षा जास्त महत्त्व देतो. आपल्याकडे डबा एकट्याने खात नाहीत. १८ जण एका वेळी बसतील असं टेबल, दोन पाळ्या, डबे धुवायला खोल सिंक आणि चांगला एक्झॉस्ट. मांसाहारी डब्याचा प्रश्न प्रत्येक ऑफिसात निघतो. माझं मत: टेबल वेगळं करू नका, मायक्रोवेव्ह दोन ठेवा. टेबल वेगळं झालं की ऑफिसात दोन गट पडतात आणि ते जेवणापुरते राहत नाहीत. पँट्री चांगली झाली म्हणून खालची टपरी बंद होईल असंही समजू नका. टपरीवर जाणं हे थोडा वेळ साहेबांच्या नजरेआड जाणं असतं, आणि ते माणसाला लागतं.

दोन दिवस घरून काम देण्याला माझा पाठिंबा आहे, पण विभागानुसार. चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांवर असा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आले. आठवड्यातले दोन दिवस घरून काम करणाऱ्यांच्या कामगिरीत आणि बढतीत फरक पडला नाही, आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं. तुमच्या सॉफ्टवेअरच्या मुलांना पुण्यातल्या कंपन्या नागपुरात घरी बसून पगार द्यायला तयार आहेत, तेव्हा त्यांना टिकवायला हे उपयोगाचं आहे. पण दिवस त्यांनी एकेकट्याने निवडू नयेत. त्या बारा जणांचे ऑफिसचे दिवस एकच असावेत आणि ते तुमच्या जीएसटीच्या तारखांना टाळून असावेत. मग ८ जागा आणि मोठी खोली मिळून त्यांचं भागतं. आर्टिकल्सना घरून काम देऊ नका. त्यातल्या कित्येकांचं घर म्हणजे भाड्याच्या एका खोलीत तिघं, पंखा एक आणि टेबल नाही. त्यांना ऑफिसच जास्त सोयीचं आहे, आणि शिकायलाही तेच बरं.

पैशाचा क्रम असा लावा: आधी खुर्च्या, मग आवाज, मग हवा, मग दिवे, आणि रिसेप्शनची भिंत सगळ्यात शेवटी. खुर्ची घेताना फोटो बघून घेऊ नका. चार नमुने मागवून आठवडाभर ऑफिसात ठेवा आणि सगळ्यात बुटक्या व सगळ्यात उंच माणसाला बसवून बघा. आपल्याकडे टेबल ७५० मिलिमीटरचं येतं. पाच फूट उंचीच्या बाईंचे खांदे त्यावर टाइप करताना वर उचललेले राहतात आणि खुर्ची वर केली की पाय लोंबकळतात. ७२० चं टेबल किंवा पायाखाली फूटरेस्ट, दोन्हींपैकी एक करा. दारापासून सगळ्या खोल्यांपर्यंत व्हीलचेअर जाईल एवढी, निदान ९० सेंटिमीटरची, मोकळी वाट ठेवा.

आता वेळेचं. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत तुम्हाला रिटर्न आणि ऑडिटमधून मान वर करायला फुरसत नसते, ३१ डिसेंबरला जीएसटीचं वार्षिक विवरणपत्र असतं, आणि मार्चबद्दल तर बोलायलाच नको. स्थलांतराला मोकळा वेळ मिळतो तो जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. तेव्हा थंडीही असते, खिडक्या उघड्या ठेवून रंग-पॉलिशचा वास जाऊ देता येतो. अडचण एवढीच की जानेवारीत पश्चिमेची काच अगदी निरुपद्रवी दिसते. तेव्हा जागेचा ताबा आत्ताच मिळत असेल तर येत्या मेमध्ये एखाद्या दुपारी साडेतीन-चारला, एसी बंद ठेवून, मुलाला आणि जुन्या अकाउंटंटना सोबत घेऊन तिथे तासभर थांबा. ऊन कुठपर्यंत येतं तिथे जमिनीवर खडूने रेघ मारा. काच आणि ती रेघ यांच्यामध्ये टेबल लावायचं नाही, एवढं ठरवून मग नकाशा मागवा, आणि कंत्राटदाराला ॲडव्हान्स त्यानंतरच द्या.